पॅगोडा नव्हे, त्रावणकोर!

चेन्नई सेंट्रलला उतरलात, तर रिपन बिल्डिंगच्या शेजारची लाल विटांची इमारत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा व्हिक्टोरिया पब्लिक हॉल. कोनशिला १८८३ सालची. आराखडा रॉबर्ट चिझम यांचा, बांधकाम नंबेरुमाळ चेट्टींचे.

चौकोनी मनोऱ्यावरचे उतरते, टोकदार छप्पर पाहून अनेकांना चिनी पॅगोडा आठवेल. पण ही धाटणी केरळातल्या जुन्या त्रावणकोर संस्थानाची! तिथल्याच तिरुवनंतपुरमच्या नेपियर संग्रहालयाचा आराखडाही चिझम यांचाच. खाली युरोपीय कमानी, वर केरळी टोपी. साहेबाने मेळ मात्र झकास जमवलाय. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान याच सभागृहात झाले. नाटककार पम्मल संबंद मुदलियारांच्या सुगुण विलास सभेची तमिळ नाटकेही इथे रंगत.