गाळून घेणे आणि जपून सोडणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित प्रकाश टाकला आहे. मला विषय मिळाला आहे तो नियोजित यात्रीनिवासाच्या आवाराचा. तेथे झाडे कोणती असावीत आणि वापरलेल्या पाण्याचे काय करावे, याविषयी मला बोलायचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी; स्थापत्यशास्त्र मला अवगत नाही. परंतु पाण्याशी माझ्या दुकानाचा जुना संबंध आहे. चातुर्मास जवळ आला की आपल्या माता-भगिनी पाणी गाळण्यासाठी मांजरपाट घ्यायला येतात. कापड दुहेरी करून उजेडासमोर धरतात आणि वीण विरळ दिसली तर ते बाजूला ठेवतात. इतक्या कसोशीने गाळलेले पाणी आपण पितो. गाळण्यावर राहिलेले जीवही ज्या विहिरीचे पाणी, तिच्यातच अलगद परत सोडतो. ही आपली जिवाणी.

पाणी घेताना पाळली जाणारी ही शिस्त पाणी सोडताना कोठे जाते, हा प्रश्न मला स्वतःच्या चुकीमुळे पडला. काही वर्षांपूर्वी आपल्या आवारात सिमेंटचे ठोकळे बसवावेत आणि दर्शनी भागात हिरवळ करावी, असा ठराव झाला. त्या ठरावावर माझीही सही आहे. अंगण स्वच्छ दिसू लागले, याचा मला अभिमान वाटला. पुढे पावसाचे पाणी जमिनीत न मुरता फाटकातून रस्त्यावर वाहू लागले आणि उन्हाळ्यात हिरवळीसाठी टँकर मागवावा लागला. भोजनशाळेचे सांडपाणी मागच्या नालीने खालच्या अंगाच्या शेताकडे जात होते. तेथील शेतकरी एके दिवशी दुकानात आले आणि म्हणाले, “शेठजी, तुम्ही पाणी गाळून पिता म्हणे, मग आमच्याकडे असं का पाठवता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मुनींच्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती आपण सर्व जाणतो. जे टाकायचे ते जागा पाहून, जीवांना बाधा होणार नाही आणि कोणाला उपद्रव होणार नाही अशा रीतीने टाकावे, हा तिचा आशय. मुनी जे पूर्णतः पाळतात, त्याचा अल्पांश तरी श्रावकांच्या संस्थेने पाळावयास हवा. पहिली ईर्या समिती. चार हात भूमी पाहून चालणारे मुनी हिरव्या गवतावर पाऊल ठेवत नाहीत. मग मुनींच्या स्वागतासाठी बांधलेल्या वास्तूच्या दारात आपण हिरवळ का करावी? ज्यावर महाराज चालू शकत नाहीत, जे यंत्राने वारंवार कापावे लागते आणि ज्याला वैशाखातही रोज पाणी लागते, अशा शोभेचा जमाखर्च मला जुळवता आला नाही.

आता पाण्याचा जमाखर्च पाहू. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. येथील काही पाणी पैनगंगेवाटे गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते, तर काही काटेपूर्णेवाटे पूर्णा-तापीकडे जाऊन पश्चिमसमुद्राला मिळते. माथ्यावर राहणाऱ्याला वरून कोणी पाणी देत नाही; जे पडेल तेच आपले. दहा हजार चौरस फुटांच्या छतावर पावसाळ्यात आठशे मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे सात लाख चाळीस हजार लिटर पाणी पडते. थोडी गळती धरली तरी ही जमा मोठी आहे. पूर्वजांना तिचे मोल ठाऊक होते. वाशीमचे पद्मतीर्थ, कारंजाचा ऋषी तलाव त्याची साक्ष देतात. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथाही जलाशयापासूनच सुरू होते.

झाडांच्या बाबतीत माझी विनंती एवढीच की, या मातीला ओळखणारी झाडे लावावीत. कडुनिंब, करंज, पळस, बहावा, बेल, आवळा, कवठ ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जपली की पुढे पावसावर जगतात. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे जीवयुक्त म्हणून आपण वर्ज्य मानतो. जीवांनी भरलेले म्हणून जे आपण खात नाही, तेच पाखरांचे अन्नछत्र आहे. म्हणून भिंती आणि विहिरीपासून दूर, कडेला त्यांना अवश्य जागा द्यावी. मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल ही आपली गवते राहू द्यावीत आणि चालण्यासाठी मुरमाची स्वच्छ वाट असावी.

सांडपाण्यासाठी नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे. स्वयंपाकघराच्या पाण्यातील तेल प्रथम वेगळे अडवायचे. मग सर्व सांडपाणी बंद टाकीत निवळू द्यायचे. तेथून ते खडी भरलेल्या हौदातून संथ वाहते. हौदात पाणकणीस, नळ, वाळा अशा पाणवनस्पती असतात. मुळांच्या आणि खडीच्या आधाराने राहणारे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण हेच आपले अन्न करतात. पाणी खडीच्या पृष्ठाखालून वाहत असल्याने ते उघडे साचत नाही, दुर्गंधी येत नाही आणि डासही होत नाहीत. जमिनीला उतार असेल, तर विजेचीही गरज पडत नाही. मात्र यास जागा लागते, वनस्पती वेळोवेळी छाटाव्या लागतात आणि तेल अडवले नाही तर खडी तुंबते. हे पाणी पिण्यायोग्य नसते. झाडांना व संडासासाठी ते उपयोगी पडते.

एका ज्येष्ठ भगिनींनी मला विचारले, “भाऊ, त्या हौदात जीव उत्पन्न होणार, ही हिंसा नव्हे का?” प्रश्न मोलाचा आहे. मी शास्त्राचा अधिकारी नाही; अंतिम मार्गदर्शन त्यागीजनांनी करावे. मला एवढेच दिसते की, गृहस्थाच्या हातून आरंभ पूर्णतः टळत नाही, तो कमी करता येतो. उघड्या नालीत अगणित जीव जन्मतात आणि मरतात, शेजाऱ्याची विहीर बिघडते आणि मग तिच्यात औषध टाकून पुन्हा जीव मारले जातात. त्या मानाने खडीचा हौद मला अल्प दोषाचा वाटतो.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, यात्रीनिवासाच्या नकाशात खोल्यांच्या आधी तीन गोष्टी आखाव्यात: छताचे पाणी विहिरीकडे नेणारी वाट, सांडपाण्याचा हौद आणि देशी झाडांची जागा. मागाहून या गोष्टींना जागा उरत नाही, हा माझा अनुभव आहे. जुन्या आवारातील निम्मे ठोकळे काढण्याचा खर्च, त्या ठरावावर सही करणारा म्हणून, मी आनंदाने उचलीन.

आपल्या दारातून बाहेर जाणारे पाणी पाहून ते शेतकरी बंधू पुन्हा दुकानात यावेत, परंतु या वेळी केवळ कापड घेण्यासाठी, एवढीच माझी भावना आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र.