जशी वाट, तशी धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी तापविलेली पट्टी चढवितात, तिला मराठीत ‘धाव’ असे नाव आहे. पनवेल हे एके काळी चाकांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. १८३० साली बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांस खुला झाला आणि बंदरातील माल घाटावर नेणाऱ्या गाड्यांची येथे रीघ लागली. त्या गाड्यांसाठी पनवेलास चाके घडत, आणि या धंद्याची नोंद गेल्या शतकापूर्वीच्या सरकारी गॅझेटियरांतही सापडते. आता लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आले आहे. परंतु गाडीवानापुढचा जुना प्रश्न आजच्या मोटारमालकापुढेही तसाच उभा आहे: कोणत्या वाटेसाठी कोणती धाव घ्यावी, आणि तिच्यासाठी पैसा किती मोजावा?

हा प्रश्न विशेषेकरून पडतो तो चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या, म्हणजे ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ गाडीच्या मालकास. थार, गुरखा, जिम्नी अशा गाड्या अलीकडे मध्यम स्थितीतील कुटुंबांतही दिसू लागल्या आहेत. गाडीबरोबर आलेली टायरे झिजली, की गृहस्थ दुकानात जातो. तेथे मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचे, रांगड्या दिसण्याचे टायर त्याच्या नजरेस पडते आणि गाडीला हेच शोभेल असे त्यास वाटू लागते. निवड शोभेवरून होऊ लागली, की खर्च आणि धोका ही दोन्ही तिच्यामागोमाग येतात.

यास्तव प्रथम टायरांच्या जाती समजून घ्याव्या. पहिली जात डांबरी रस्त्याची. हिला ‘एच-टी’ म्हणतात. हिच्या खाचा बारीक, चाल शांत आणि ओल्या रस्त्यावरील पकड चांगली असते. मात्र चिखलात तिच्या खाचा लवकर भरून येतात. दुसरी जात चिखलाची, ‘एम-टी’. हिचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील अंतर रुंद असल्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण याच अंतरामुळे डांबरावर टेकणारे रबर कमी पडते. गाडी घुमू लागते, इंधन अधिक लागते आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर थांबण्यास अंतरही अधिक लागते. तिसरी जात या दोहोंच्या मधली, ‘ए-टी’. ही दोन्ही ठिकाणी सर्वोत्तम नसली तरी दोन्ही ठिकाणी कामास येते.

आता पनवेलच्या एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या प्रवासाचा हिशेब मांडून पाहावा. आठवडाभर नोकरीसाठी नवी मुंबई. सणासुदीस द्रुतगती मार्गाने पुणे, किंवा पनवेलहूनच सुरू होणाऱ्या ६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने कोकण. आणि महिन्यातून एखादे वेळी नेरे-मालडुंग्याकडील शेताची वा माथेरानच्या पायथ्याची कच्ची वाट. वर्षाकाठी १२,००० किलोमीटर धावणारी गाडी यांपैकी फार तर हजारभर किलोमीटर डांबर सोडून जाते. म्हणजे बारा हिश्शांपैकी अकरा हिस्से पक्क्या रस्त्याचे. त्यातही जून ते सप्टेंबर हे चार महिने तो रस्ता पाण्याखालीच असल्यासारखा असतो. एका हिश्शासाठी अकरा हिश्शांची सुरक्षितता गहाण टाकणे यास काटकसर कसे म्हणावे?

येथे एका समजुतीचे निराकरण करणे अगत्याचे आहे. चारही चाकांना शक्ती मिळते म्हणून गाडी लवकर थांबते, असे कित्येकांस वाटते. वस्तुतः ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांवर लागतात. त्या बाबतीत फोर-व्हील ड्राइव्हचा काडीचाही अधिक उपयोग नाही. ही योजना गाडीला निघण्यास व चढण्यास साहाय्य करते; थांबण्याचा सारा भार तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवरच राहतो. द्रुतगती मार्गावर पावसात पुढील गाडीचे लाल दिवे एकाएकी लागतात, तेव्हा टायरची खरी किंमत कळते. सबब, बहुतांश पक्क्या रस्त्याने जाणाऱ्या आणि अधूनमधून शेताकडे वळणाऱ्या कुटुंबास सौम्य नक्षीचे ए-टी टायर पुरेसे आहे. ज्यास कच्ची वाट क्वचितच लागते, त्याने एच-टी घेण्यात कमीपणा मानू नये. रोज चिखलातून खत, रोपे किंवा दूध वाहणाऱ्यास मात्र एम-टी टायर योग्य होय.

जात ठरल्यावर टायरच्या अंगावरील अक्षरे वाचावी. ‘२४५/७५ आर १६’ याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. त्यापुढील आकडा भाराचा असतो: ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. अक्षर वेगाचे: ‘क्यू’ ताशी १६० किलोमीटर, ‘एस’ १८०. गाडीच्या कारखान्याने ठरविलेल्या भारांकाहून कमी भाराचे टायर, मग ते कितीही स्वस्त असो, घेऊ नये. मोठ्या मापाच्या मोहातही पडू नये. व्यास ५ टक्क्यांनी वाढला, की वेगदर्शक काटा १०० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे १०५ ने जाते. शिवाय कारखान्याने ठरविलेल्या रचनेत मालकाने मनास येईल तसा बदल करू नये, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे.

स्वस्ताईच्या नावाखाली फसगत होते ती बहुधा वयाच्या बाबतीत. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार अंक असतात. ‘२३२४’ असे असल्यास ते टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले, असे समजावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टायरची नक्षी नवी दिसली तरी रबर जुने झालेले असते. पाच वर्षांनंतर टायर दरसाल जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर ते, नक्षी शिल्लक असली तरी, उतरवावे. वापरलेली वा वर नवे रबर चढविलेली टायरे कुटुंबाच्या गाडीस, विशेषतः द्रुतगती मार्गासाठी, न घेणेच श्रेयस्कर. कारण आतील सांगाड्यास पूर्वी काय इजा झाली आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. आयएसआय खूण पाहावी आणि पक्के बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असल्याने, बिलावाचून घेतलेल्या मालातील कथित बचतही पूर्वीपेक्षा थोडी झाली आहे.

किंमत नेहमी किलोमीटरला भागून पाहावी. उदाहरणादाखल, ९,००० रुपयांचे टायर ३०,००० किलोमीटर टिकले तर किलोमीटरला ३० पैसे पडतात. ११,००० रुपयांचे टायर ५०,००० किलोमीटर चालले तर २२ पैसेच. पहिले टायर दुकानात स्वस्त, दुसरे रस्त्यावर.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. पुढची व मागची चाके शक्तीने जोडली गेली, की त्यांनी सारखेच फेरे घ्यावे अशी यंत्राची अपेक्षा असते. वर सांगितलेल्या मापाच्या नव्या टायरची नक्षी १० मिलिमीटर आणि जुन्याची ४ मिलिमीटर उरली असेल, तर दर किलोमीटरला झिजलेले चाक सुमारे सहा फेरे अधिक घेते. हा ताण मधल्या दंतचक्रांवर पडतो आणि वाचविलेल्या पैशांच्या कित्येक पट दुरुस्तीत जातात. म्हणून चारही टायरे एका मापाची, एका जातीची आणि सारख्या झिजेची असावी. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी त्यांची अदलाबदल करावी. स्टेपनी त्याच मापाची असल्यास तिलाही या फेऱ्यात घ्यावे; म्हणजे पाचवे टायर निरुपयोगी पडून म्हातारे होत नाही.

हवेसारखे स्वस्त अवजार दुसरे नाही. चिखलात हवा वीस पौंडांच्या आसपास उतरविली, की टायर पसरते आणि पकड वाढते; पुष्कळदा महागड्या नक्षीचे काम एवढ्यानेच होते. मात्र डांबरावर येताच, वेग वाढविण्यापूर्वी, चालकाच्या दाराजवळील पाटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी हवेचा लहानसा पंप व मापक जवळ बाळगावा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली म्हणजे कायद्याची मर्यादा झाली. परंतु कोकणचा पाऊस कायद्याची वाट पाहत नाही. तीन मिलिमीटर उरताच, आणि शक्य तर मे महिन्यातच, टायर बदलावे. नव्या टायरांच्या भरवशावर फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात मात्र गाडी घालू नये. पाणी गाडीला उचलू लागले, की कोणत्याही नक्षीस जमीनच उरत नाही.

दुकानाच्या दारात उभ्या राहिलेल्या गृहस्थाने, गाडी कशी दिसेल हे मनाशी विचारण्याआधी, ती कोठे जाते आणि तिच्यात कोण बसते हे विचारावे. या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, की योग्य टायर बहुधा मधल्या किमतीचे, साध्या रूपाचे आणि ताज्या तारखेचे निघते. आणि मागच्या आसनावरील मुलांना घेऊन गाडी श्रावणसरींतही वेळेवर थांबते.