शिवारफेरी : रोहिणखेडच्या खोऱ्यातील तीन सोप्या वाटा



चौथीतील विद्यार्थी भिंतीवरच्या नकाशात गंगेचा उगम बोट ठेवून दाखवितो. परंतु शाळेमागच्या ओढ्याचे पाणी पुढे कोठे जाते, असे विचारताच तो गप्प होतो. ज्ञानाचा हा क्रम उलटा झाला. जे पायांखाली आहे ते आधी आणि जे नकाशावर आहे ते नंतर, हा स्वाभाविक क्रम पुन्हा लावण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे शिवारफेरी. तिच्यासाठी मोटार अथवा वर्गणी लागत नाही. एखादा तास, एक दोरी, एक वही आणि आधी ठरविलेला एक प्रश्न एवढी सामग्री पुरते. प्रश्नावाचून निघालेली फेरी ही नुसती भटकंती होते. म्हणून एका फेरीस एकच प्रश्न, हा नियम कसोशीने पाळावा.

उदाहरणादाखल मोताळा तालुक्यातील रोहिणखेड घ्यावे. हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी, नळगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. वर बुलढाण्याचे पठार, खाली पूर्णेचे सपाट मैदान. वऱ्हाडाच्या बालाघाट आणि पायनघाट या दोन जुन्या भागांची सीमाच येथे डोळ्यांना दिसते. अशा गावाभोवती दोन किलोमीटरांच्या आतबाहेर तीन वाटा सहज आखता येतात.

पहिली वाट ओढ्याची. प्रश्न एवढाच : हे पाणी जाते कोठे? मुलांनी काठाकाठाने थोडे चालावे आणि पुढचा प्रवास गुरुजींनी वाळूत काठीने रेखाटावा. ओढा नळगंगेस मिळतो, नळगंगा धरणातून पुढे मलकापूरच्या मुलखात जाऊन पूर्णेस मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीस मिळते आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रास जाते. आता मुलांना मान वर करून घाटमाथ्याकडे पाहण्यास सांगावे. त्याच पठारावर उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगतीने तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच सरीचे दोन थेंब माथ्यावर थोड्या अंतराने पडले, तर एक पश्चिम समुद्रास आणि दुसरा पूर्व समुद्रास जाऊ शकतो. जलविभाजक हा अवघड शब्द यानंतर पाठ करावा लागत नाही.

याच वाटेवर अंकगणितही शिकता येते. काठावर वीस मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात, वरच्या खुणेपाशी वाळलेले पान सोडावे आणि खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजावे. चाळीस सेकंद लागले तर वेग सेकंदास अर्धा मीटर झाला. प्रवाहाची रुंदी दोन मीटर आणि सरासरी खोली पाव मीटर भरली, तर सेकंदास पाव घनमीटर, म्हणजे २५० लिटर पाणी समोरून वाहते. पृष्ठभागावरचे पाणी तळच्या पाण्याहून जलद वाहते, म्हणून खरा आकडा याहून काहीसा कमी असणार, हेही मुलांना सांगावे. हाच प्रयोग भाद्रपदात, कार्तिकात आणि माघात करून आकडे एकाखाली एक मांडले, म्हणजे ओढा कसा आटत जातो याचा पाठ मुलांच्या स्वतःच्या वहीत तयार होतो. गावातील एखाद्या विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतरही दरमहा याचप्रमाणे मोजावे; हे माप मात्र शिक्षकांनी स्वतः घ्यावे आणि मुलांनी दूर उभे राहून ते टिपून ठेवावे.

हा अभ्यास केवळ मौजेचा नव्हे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने नळगंगा प्रकल्पापर्यंत आणण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील पाणी मानवी प्रयत्नाने तापीच्या खोऱ्यात आणावयाचे आहे. त्या पाण्याचे वाटप, त्याची किंमत आणि त्याचा वापर यांविषयी पुढे ज्यांना ग्रामसभेत बोलावे लागेल, ती माणसे आज दुसरी-तिसरीच्या वर्गात बसली आहेत. स्वतःचा ओढा ज्याने कधी मोजला नाही, त्याला त्या सभेत दुसऱ्याने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करावा लागेल.

दुसरी वाट गावातीलच आहे. रोहिणखेड येथे खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधविलेली दगडी मशीद आहे. तेथील वडीलधाऱ्यांची अनुमती घेऊन, पादत्राणे बाहेर ठेवून आणि शांतता राखून मुलांना ती दाखवावी. प्रश्न मात्र गावाच्या इतिहासाचा असावा. बहमनी सुलतानाचा सरदार खलफ हसन याने १४३७ मध्ये खानदेशच्या नासीरखानाचा पराभव केला तो रोहिणखेडला. आणि पुढे १५९१ मध्ये अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या लढाईत जमालखान महदवी पडला तोही रोहिणखेडलाच. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन लढाया याच गावी का व्हाव्यात? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी मुलांना गावाबाहेर नेऊन दक्षिणेस तोंड करून उभे करावे. बऱ्हाणपूर आणि खानदेशाकडून येणारे सैन्य पूर्णेच्या मैदानातून सुखाने येते. पठारावर चढण्यासाठी त्याला घाटाचीच वाट धरावी लागते. ती वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुढचा मुलूख. हे मुलांनी स्वतः ताडले, तर दोन्ही सने त्यांच्या ध्यानात राहतील.

तिसरी वाट डोंगराच्या पायथ्याची. येथील काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा आहे. म्हणूनच डोंगराचा उतार दुरून पायऱ्यांसारखा भासतो. कोणत्या पायरीवर माती टिकली आहे, कोठे गवत आहे, पळस व साग कोठे वाढले आहेत, एवढेच मुलांनी पाहून टिपावे. पायथ्याच्या पुढे रानात शिरू नये. याच डोंगराळ मुलखातील ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वल व बिबट्या यांचा वावर आहे, आणि रान काही अभयारण्याच्या सीमेपाशीच संपत नाही.

सावधगिरीचे आणखी काही नियम सांगणे अवश्य आहे. गावावर आकाश निरभ्र असतानाही घाटमाथ्यावर पाऊस झाला, तर ओढ्याला अकस्मात लोंढा येतो. म्हणून पावसाळी दिवसांत पात्रात कोणीही उतरू नये आणि पाणी गढूळ होऊ लागताच सर्वांनी काठ सोडून वर यावे. पानाचा प्रयोग पाणी निवळ आणि घोट्याएवढे असेल तेथेच करावा. नुकत्याच फवारलेल्या कपाशीतून वाट काढू नये. आग्या मोहोळाखाली थांबू नये. शेतमालकास आदल्या दिवशीच विचारावे. एक शिक्षक पुढे आणि एक मागे असावा. एकशिक्षकी शाळेत एखाद्या पालकास सोबत घ्यावे. मुलींना घरकामासाठी मागे ठेवण्याची चाल काही घरांत असते. म्हणून फेरी शाळेच्या वेळातच काढावी, म्हणजे त्या वंचित राहणार नाहीत.

शिवारफेरीचा सर्वांत मोठा लाभ मात्र वेगळाच आहे. प्रत्येक वर्गात मागच्या रांगेत बसणारे एखादे मूल असते. ते शेळ्यांमागे जाते, म्हणून वारंवार गैरहजर राहते. वाचनात अडखळते, म्हणून त्याला ढ समजले जाते. शिवारात पाऊल पडताच हेच मूल पुढे होते. टिटवीची अंडी कोठे असतात, कोणता झरा वैशाखातही आटत नाही, कोणत्या झुडपाचा पाला शेळी तोंडात धरीत नाही, हे त्याला ठाऊक असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या कुरणात जावे, हा त्यामागील विचार होता. प्रत्येक गावी कुरणशाळा काढणे शक्य नाही. पण महिन्यातून एक तास त्या मुलाच्या मागून चालणे प्रत्येक शिक्षकास शक्य आहे. फेरीहून परतल्यावर त्याने सांगितलेले वाक्य त्याच्या नावासह फळ्यावर लिहावे आणि ते त्यालाच प्रथम वाचावयास द्यावे. स्वतःचे बोल असल्यामुळे ते वाचताना त्याची भीती पुष्कळ ओसरते. शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात येते की नाही, हे कित्येकदा अशा एका वाक्यावर ठरते.

प्रत्येक फेरीची तारीख, ओढ्याचा वेग, विहिरीचे माप आणि मुलांची निरीक्षणे एका जाड वहीत नोंदवून ती शाळेच्या दप्तरात ठेवावी. शिक्षकांच्या बदल्या होतात, मुले पुढच्या शाळेत जातात. वही मात्र गावात राहते. दहा वर्षे ती नेमाने चालविली, तर गावाला आपल्या पाण्याचा लेखी हिशेब मिळेल, आणि तो त्या गावच्या मुलांनीच लिहिलेला असेल. पावसाचा जोर ओसरून ओढे निवळले, की पहिल्या वाटेस आरंभ करावा. त्या दिवशीचा प्रश्न आदल्या सायंकाळीच फळ्यावर लिहून ठेवावा, म्हणजे मुले त्याचा विचार करीतच घरी जातील.