टीव्हीत आपला पाडा का दिसत नाही?

(तालुका कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण. टिपणांवरून लिहून काढले आहे.)



मला विषय दिलाय टीव्हीच्या बातम्यांचा. सकाळी एक-दोघे म्हणाले, आपला प्रश्न पट्ट्याचा, टीव्हीचं काय घेऊन बसलाय? पण पट्ट्याचा आणि टीव्हीचा संबंध आहे. तो कसा, ते समजायला 2019 सालचा फेब्रुवारी महिना आठवा.

13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झालेत, त्यांना राज्य सरकारांनी 24 जुलैच्या सुनावणीआधी जमिनीवरून काढावं. देशभरात असे दावे दहा लाखांच्या वर. एवढ्या चुली विझायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी, 14 तारखेला, पुलवामाला हल्ला झाला. 40 जवान गेले. ते दुःख आपलंही आहे. फौजेत जाणारी पोरं शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्याच घरची असतात. त्याची बातमी दाखवलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण पुढचे दोन आठवडे काय चाललं? स्टुडिओत नकाशे, आरडाओरड, बदल्याची भाषा. एका वाहिनीचा निवेदक तर लष्करी कपडे घालून, हातात खेळण्यातली बंदूक घेऊन बातम्या देत होता. हल्ला कसा होऊ दिला, चूक कोणाची, हा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरत होता.

आपल्या आदेशाची लेखी प्रत 20 तारखेला बाहेर आली. 26 ला बालाकोट झालं. 27 ला आपला वैमानिक पकडला गेला. आपल्या माणसांनी ठिकठिकाणी आवाज उठवला होता, निवडणूकही तोंडावर होती, तेव्हा कुठे केंद्र सरकार स्थगिती मागायला गेलं. 28 तारखेला न्यायालयाने आदेश थांबवला. आणि नेमकी त्याच दिवशी पाकिस्तानने वैमानिकाला सोडण्याची घोषणा केली. म्हणजे आपल्याला काढायचा हुकूम निघाला तोही टीव्हीखाली दबला, थांबला तोही दबला. आमच्या पाड्यावर एकाच घरी डिश आहे. रोज रात्री तिथं वीस-पंचवीस माणसं युद्ध बघत बसायची. त्यातल्या निम्म्यांचे दावे नामंजूर झालेले. आपल्याच जमिनीचं काय चाललंय, हे त्यांना कळलं मार्च उजाडल्यावर, तेही संघटनेच्या मीटिंगमध्ये.

हे कोणी मुद्दाम ठरवून केलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय बोलू नये हे आपण दाव्याच्या कामातच शिकलोय. पण धंदा कसा चालतो ते बघा. वाहिनीचा पैसा जाहिरातीतून येतो. जाहिरात मिळते किती लोक बघतात त्यावर. ते मोजायचं यंत्र 2020 साली देशभरात चाळीस-पंचेचाळीस हजार घरांत बसवलेलं होतं. कोट्यवधी घरांपैकी एवढीच! आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे ते? सरकारही मोठा जाहिरातदार. जो पैसा देतो त्याला अवघड प्रश्न कोण विचारणार? शिवाय बातमीदार पाड्यावर पाठवायचा तर गाडी, भत्ता, दोन दिवस. स्टुडिओत चार माणसं बसवून भांडण लावलं की तासभर भरतो, तोही स्वस्तात. म्हणून भांडण दिसतं, पाडा दिसत नाही.

आता दुसरी बाजू. कधी कधी आपण दिसतोही. मार्च 2018 चा लाँग मार्च. 6 तारखेला नाशिकहून निघालो. हजारो माणसं, त्यात आदिवासीच जास्त. ठाणं येईपर्यंत दिल्लीच्या वाहिन्यांवर फारसं काही नव्हतं. 11 ला रात्री, दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून, झोप न घेता आझाद मैदानापर्यंत चाललो. मग कॅमेरे धावले. त्यांनी काय दाखवलं? फोड आलेले, रक्ताळलेले पाय. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. त्या माणुसकीची जाणीव आपण ठेवू. पण पाय का फाटले ते किती जणांनी सांगितलं? वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत, कायदा 2006 चा आहे, हे पायाच्या फोटोत येत नाही. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदार बाईंनी त्यातही शहरी माओवाद शोधला, आणि चर्चा तिकडे वळली. 12 तारखेला सरकारने लेखी दिलं की सहा महिन्यांत दावे निकाली काढू. सहा महिन्यांनी कोणता कॅमेरा विचारायला आला? आपल्यालाच पुन्हा मोर्चे काढावे लागले.

म्हणजे अन्याय दोन तऱ्हेचा. एक, दाखवतच नाहीत. दुसरा, कीव दाखवतात आणि मागणी गाळतात. दुसरा ओळखायला अवघड, कारण टीव्हीत आपला फोटो बघून आपणही खूश होतो.

मग करायचं काय? टीव्ही फोडायचा नाही. तीन कामं सांगतो.

एक. मोठ्या बातमीचा गोंगाट असेल तेव्हा दर आठवड्याला एकाने तालुक्याला जाऊन विचारायचं : जमिनीबद्दल नवीन आदेश, जी.आर., नोटीस काय निघाली? ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं.

दोन. कॅमेरा आला तर पाय नंतर, मागणी आधी. कायद्याचं नाव, गावात दावे किती, मंजूर किती, पडून किती. हे आकडे प्रत्येकाला पाठ पाहिजेत. बायांनी पुढे बोलावं, कारण जमीन कसायला त्याच जास्त असतात.

तीन. दावा नामंजूर झाला असेल तर कारण लेखी मागा. कारण लेखी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि अपील करायला 60 दिवस असतात. 28 फेब्रुवारीची स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. पुन्हा तारीख पडेल तेव्हा टीव्ही सांगणार नाही. आपली फाईल तयार पाहिजे.

आज घरी गेल्यावर पेटीतली दाव्याची पावती काढून बघा. नसेल तर उद्या सकाळी समितीच्या अध्यक्षाकडे जा.

जिंदाबाद!