लेकराचा श्वास मोजा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला ‘सोसायटीच्या आठवणी’ हा विषय दिला आहे. मी एकच आठवण सांगतो, कारण समोर पाच-सहा तान्ही लेकरं मांडीवर दिसतायत.

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा. माझा नातू चार महिन्यांचा होता. आधी मोठ्या नातीला सर्दी झाली, मग त्याला. तिसऱ्या दिवशी खोकला आणि छातीत घरघर. ताप फारसा नव्हता. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हा दूध ओढत नाही." मी म्हणालो, "नाक चोंदलंय, होईल बरा." संध्याकाळी शेजारच्या आशाताई आल्या. त्यांनी झबलं वर केलं, घड्याळ समोर ठेवलं आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजलं. 68! "काका, आत्ताच्या आत्ता लातूरला निघा." बरगड्यांखाली खळगा पडत होता, तो त्यांनी दाखवल्यावर आम्हाला दिसला. तीन दिवस लेकरू ऑक्सिजनवर होतं. मी बँकेत जन्मभर नोटा मोजल्या, न मोजता एक बंडल घेतलं नाही. आणि घरात मात्र अंदाजावर बसलो!

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ‘ब्रॉन्किओलायटिस’. दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, हा जास्त होतो. बहुतेक वेळा ‘आरएसव्ही’ नावाचा विषाणू असतो. मोठ्यांना त्याची नुसती सर्दी होते. पण बाळाच्या अगदी बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट कफानं भरतात. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात जड जातो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. बहुतेक लेकरं घरीच बरी होतात. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण वरचेवर पाजा. दूध पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब टाका. तेल टाकू नका. खोकल्याचं औषध मनानं देऊ नका, वर्षाच्या आत मध चाटवू नका. चूल, उदबत्ती, विडी, कशाचाही धूर नको. आणि पोटाला बिब्बा, चटका तर मुळीच नको.

मोजायचं कसं? बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले, तर डॉक्टरांकडे न्या. न्यूमोनिया की ब्रॉन्किओलायटिस, ते डॉक्टर ठरवतील. आकडा कमी असला तरी छातीत खळगा पडणं, कण्हणं, ओठ निळे पडणं, श्वास मध्येच थांबणं, दूध निम्म्यावर येणं, लघवी कमी होणं, लेकरू सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. 108 ला फोन करा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या बाळाला लवकर दाखवा.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास खेड्यातल्या सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. आपल्या तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे.

संचालक मंडळाला एक विनंती आहे. हे आकडे आणि रात्री गाडी काढू शकतील अशा सभासदांचे फोन नंबर नोटीस बोर्डावर लावावेत. पहिला नंबर माझा लिहा. वय झालंय, पण मुलगा गाडी चालवतो.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगतो: सूनबाई "लेकरू दूध ओढत नाही" म्हणाल्या, की "होईल बरं" म्हणू नका. आधी मोजा.