डॉक्टर रखमाबाई

आयाबायांनो, तुम्हीही पुढं येऊन बसा. आजची गोष्ट एका बाईची आहे. गोष्ट खरी आहे.

1864 साली मुंबईत सुतार समाजात एक मुलगी जन्मली. तिचं नाव रखमा. बाप लवकर वारला. आईनं दुसरं लग्न केलं. हे दुसरे वडील म्हणजे डॉक्टर सखाराम अर्जुन. माणूस शिकलेला. पोरीवर त्यांची माया होती.

अकराव्या वर्षी रखमाचं लग्न लागलं. त्या काळी तशी चालच होती. नवऱ्याचं नाव दादाजी भिकाजी. पण रखमा माहेरीच राहिली. घरी बसून पुस्तकं वाचू लागली. आपण इथं वाचतो ना, तशीच! वाचता वाचता ती विचार करू लागली.

1884 साली दादाजीनं कोर्टात दावा लावला. 'माझी बायको माझ्या घरी धाडा.' रखमाबाई म्हणाल्या, कळत नव्हतं तेव्हा लावलेलं लग्न मला मान्य नाही. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. दादाजीनं अपील केलं. 1887 साली कोर्टानं हुकूम दिला. एक तर नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर 6 महिने तुरुंगात जा.

रखमाबाईंनी काय केलं असेल? सांगा बरं!

त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

गावोगाव चर्चा झाली. कोणी शाबासकी दिली, पुष्कळांनी नावं ठेवली. रखमाबाई हटल्या नाहीत. शेवटी 1888 साली 2,000 रुपये घेऊन दादाजीनं दावा सोडला.

रखमाबाई मोकळ्या झाल्या. पण स्वस्थ बसल्या नाहीत. त्या काळी कितीतरी बाया पुरुष डॉक्टरापुढं जात नसत. दुखणं अंगावर काढत. बाळंतपणात जीव जाई. बाईला बाई डॉक्टर हवी होती. 1889 साली रखमाबाई आगबोटीनं विलायतेला गेल्या. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. 1894 साली डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. पुढं राजकोटला गेल्या. सुमारे 35 वर्षं त्यांनी आजारी बायांची सेवा केली. 1955 साली त्या वारल्या. तेव्हा त्यांनी नव्वदी पाहिली होती.

मंडळी, ही बाई नमली असती तर त्या साऱ्या बायांची नाडी कोणी पाहिली असती?

तुमच्याही घरात अकरा वर्षांची पोर असेल. आज घरी गेल्यावर तिला जवळ बसवा. तिच्या पुस्तकातलं एक पान तिला वाचायला सांगा. दुसरं पान तुम्ही वाचा.