सोन्याहून मोलाचें नाणें



सोन्याचें जुनें नाणें हातीं आलें कीं गृहस्थ प्रथम सराफाकडे धांव घेतो. सराफाचा कांटा सोन्याचें वजन सांगतो. नाण्याचें मोल मात्र त्या कांट्यावर उतरत नाहीं.

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यानें १२५७ सालीं सोन्याचा पेनी पाडला. त्याची किंमत चांदीच्या वीस पेनींइतकी ठरविली होती. पण आंतील सोन्याचा भाव लवकरच तिच्यावर गेला आणि तीं नाणीं मुशींत आटलीं. आज त्यांपैकीं आठच्या आसपास ज्ञात आहेत. त्यांतलें एक डेव्हन परगण्यांतील शेतांत २०२१ सालीं सांपडलें व २०२२ च्या जानेवारींत लिलांवांत ६ लक्ष ४८ हजार पौंडांस विकलें गेलें.

आपल्याकडील तसेंच दुर्मिळ नाणें म्हणजे शिवराई होन. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगाचें हें स्मरण. वजन पाव तोळ्याहून किंचित् कमी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ आणि कडेनें ठिपक्यांचें वर्तुळ. मोगल व आदिलशाही नाण्यांवर फारसी लेख असतांना ही देवनागरी अक्षरें म्हणजे स्वराज्याची द्वाहीच होय. तांब्याची शिवराई पेशवाईंतहि चालू राहिल्यामुळें विपुल मिळते. सोन्याचा होन मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणूनच बाजारांत नकली होन पुष्कळ. जाणता संग्राहक अक्षरांचें वळण, वजन आणि ठशाचा उठाव पारखून पाहतो. माळेंत ओवण्यासाठीं भोंक पाडलेलें वा कडी डागलेलें नाणें त्याच्या लेखीं उणें ठरतें.

अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवालय १०६० सालचें. जवळचें कल्याण शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं घेतलें. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या या जुन्या भूमींत आज जागोजाग इमारतींचे पाये खणले जात आहेत. कुदळीखालीं एखादें नाणें लागलेंच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीच्या भूमिगत द्रव्याची वर्दी कलेक्टरास देणें बंधनकारक आहे. तें घासूंपुसूं नये, आणि कोठें व कशासह मिळालें हें टिपून ठेवावें.

आटविलेलें सोनें पुन्हा बाजारांत मिळेल. पुसलेली साक्ष मात्र कोणत्याहि पेढीवर मिळणार नाहीं.